डावं पान मुलांचं: इंटरॅक्टिव्ह वही वर्गात कशी चालवायची

वही उघडली की समोर दोन पानं येतात. नेहमीच्या वहीत या दोघांत काही फरक नसतो, एक भरलं की दुसरं सुरू. इंटरॅक्टिव्ह वहीत मात्र त्यांना कामं वाटून दिलेली असतात. उजव्या पानावर बाहेरून आलेलं लिहायचं: शिक्षकांनी सांगितलेलं, फळ्यावरून उतरवलेलं, पुस्तकातलं, प्रयोगाची निरीक्षणं, चिकटवलेला छापील कागद. डाव्या पानावर त्या मजकुराचं मुलाने स्वतः काय केलं ते. त्याच विषयावर, बरोबर त्याच्या समोर. पद्धत एवढीच आहे. कात्री, घड्या, झडपा, खिसे, रंग हे सगळं नंतर चिकटलेलं आहे, आणि बऱ्याच वर्गांत या चिकटलेल्या गोष्टींनीच मूळ वही गिळून टाकली आहे.

म्हणून वही सुरू करण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर ठरवून टाकावं. तासाला वेळ कमी पडला तर काय गाळायचं? उत्तर ‘डावं पान’ असेल, तर ही वही सुरूच करू नये. साधी वही बरी, तिला निदान डिंक लागत नाही.

ही पद्धत अमेरिकेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांकडून पुढे आली. टीचर्स करिक्युलम इन्स्टिट्यूट या संस्थेने ती बऱ्याच शाळांपर्यंत नेली, मग ती गणित, विज्ञान आणि भाषेच्या वर्गांतही शिरली. काही शिक्षक बाजू उलट ठेवतात, म्हणजे डावीकडे माहिती आणि उजवीकडे मुलांचं काम. त्याने काहीच बिघडत नाही. वर्षाच्या मध्यावर बाजू बदलल्या तर मात्र सगळं बिघडतं. या लेखात डावं पान मुलाचं असंच धरलं आहे.

डाव्या पानाने होतं काय

१९७८ मध्ये नॉर्मन स्लामेका आणि पीटर ग्राफ या मानसशास्त्रज्ञांनी शब्दांच्या जोड्यांवर प्रयोग केले. एका पद्धतीत जोडी पूर्ण छापलेली होती, नुसती वाचायची. दुसऱ्या पद्धतीत पहिला शब्द पूर्ण आणि दुसऱ्याचं फक्त आद्याक्षर दिलेलं होतं, शब्द स्वतः शोधायचा. वाचलेल्या शब्दांपेक्षा स्वतः शोधलेले शब्द जास्त लक्षात राहिले. पुढे २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी एक उतारा घेऊन पाहिलं. उतारा पुन्हा वाचणारे आणि न बघता आठवून लिहिणारे, अशी तुलना होती. ५ मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले होते.

वहीसाठी यातून एक अगदी हातातला नियम निघतो. डाव्या पानाचं काम सुरू करताना उजवं पान झाकायचं. वहीत कायम एक कोरा जाड कागद ठेवावा, तो उजव्या पानावर टाकावा आणि जमेल तेवढं डावीकडे उतरवावं. मग कागद काढून राहिलेलं दुसऱ्या रंगाच्या पेनाने भरावं. तो दुसरा रंग म्हणजे मुलाला काय आठवलं नाही याची आयती यादी. परीक्षेआधी वही चाळताना मुलाने आधी तोच रंग वाचावा. शिक्षकांनाही ४० वह्यांत एकाच जागी तो रंग दिसला, तर तो भाग पुन्हा शिकवायचा आहे हे कळतं.

उजवं पान उघडं ठेवून केलेलं डावं पान बहुतेकदा उजव्याचीच नक्कल होतं. मुलं आळशी असतात म्हणून नव्हे. समोर तयार वाक्य असताना दुसरं वाक्य कशाला जुळवायचं, हा विचार कुणीही करेल.

वही बांधून घेताना

शिवलेल्या बांधणीची, २०० पानी, रेघी वही घ्यावी. तारेच्या बांधणीच्या वहीतून पानं सहज निघतात आणि एक पान निघालं की पुढची सगळी जोडी मोडते. गणितासाठी चौकटीची वही चालते.

पहिल्याच दिवशी पानांना क्रमांक घालून घ्यावेत. वही उघडल्यावर उजवीकडे येणारं पहिलं पान १. म्हणजे उजवी पानं नेहमी विषम, डावी सम. पान १ ते ५ अनुक्रमणिकेसाठी राखावीत. इथे थोडा हिशेब करावा लागतो. २०० पानी वहीत ६-७ पासून १९८-१९९ पर्यंत ९७ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीला अनुक्रमणिकेत एक ओळ लागते. पानावर २४ ओळी धरल्या तर ४ पानांत ९६ ओळी मिळतात, म्हणजे नेमकी एक कमी, शिवाय रकान्यांची शीर्षकं आहेतच. म्हणून ५ पानं. रकाने तीनच पुरेत: पान क्रमांक, तारीख, विषय. आठवड्याला ३ जोड्या वापरल्या तर वही ३२ आठवडे पुरते.

क्रमांक सगळे एकदम घालायला लावू नयेत. १०-१२ वर्षांची मुलं दोनशेपर्यंत क्रमांक घालताना दोन पानं एकत्र उलटतातच, आणि पुढे सम-विषम उलटंपालटं होतं. आज १ ते ४०, शेजाऱ्याने तपासायचं, ‘४१ उजवीकडे आलं का?’ एवढंच बघायचं. उरलेले पुढच्या आठवड्यात. चूक सापडलीच तर खोडाखोड न करता ३४ आणि ३४अ असं करून गाडी रुळावर आणावी.

मागच्या पुठ्ठ्याच्या आत एक पाकीट चिकटवावं, अर्धवट राहिलेले कागद त्यात. तिथेच वरच्या कडेला एक फीत चिकटपट्टीने लावावी, लांबी वहीच्या उंचीपेक्षा ५ सेंमी जास्त. चालू पान शोधण्यात रोज दोन मिनिटं जातात ती वाचतात. पुढच्या पुठ्ठ्याच्या आत डाव्या पानावर करता येणाऱ्या कामांची यादी लावावी, तिच्याबद्दल पुढे.

छापील कागद वहीपेक्षा मोठा, ही रोजची रड. ए-४ कागद २१ × २९.७ सेंमीचा असतो. तो वहीत घडी घालूनच बसतो आणि घडी घातलेला कागद पुन्हा कुणी उघडत नाही. छापतानाच एका ए-४ वर दोन प्रती घ्याव्यात. मग प्रत्येक प्रत ए-५ म्हणजे १४.८ × २१ सेंमीची होते, ४० मुलांना २० कागद पुरतात आणि एका सरळ कापाने काम भागतं. तो काप शिक्षकांनी तासाआधीच मारून ठेवावा. वहीची रुंदी आधी मोजावी, शिवणीकडून १ सेंमी मोकळं राहिलं पाहिजे.

डिंकाचं तंत्र वरवर क्षुल्लक, पण वही वर्षभर टिकते की नाही ते यावरच ठरतं. पांढरा डिंक रेघ ओढून लावला की पान ओलं होतं, सुरकुततं आणि पुढच्या पानाला चिकटतं. चार कोपऱ्यांना आणि मध्ये एक असे पाच ठिपके पुरतात. ग्लू स्टिक कडेने फिरवावी, पण उन्हाळ्यात किंवा कोरड्या हवेत तिने लावलेले कागद महिन्याभरात सुटू लागतात. स्केचपेनची शाई पातळ पानाच्या मागे उतरते. मागचं पान म्हणजे दुसऱ्या जोडीचं पान, तेही वाया जातं. रंगीत पेन्सिली बऱ्या.

आता जाडी. साधा ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) कागद ढोबळमानाने ०.१ मिमी जाड असतो. २०० पानी वहीत १०० कागद, म्हणजे जाडी साधारण १ सेंमी. प्रत्येक डाव्या पानावर तीन पदरी घडीकाम चिकटवलं तर ९७ × ०.३ मिमी, म्हणजे जवळजवळ ३ सेंमी भर पडली. १ सेंमीच्या कण्यावर ४ सेंमीचं ओझं. दुसऱ्या सत्रापर्यंत वही मगरीच्या जबड्यासारखी उघडी राहते आणि शिवण सुटते. घडीकाम आठवड्याला एकच ठेवलं तर वर्षाची भर १ सेंमीच्या आसपास राहते, तेवढं वहीला सोसतं.

४० मिनिटांचा तास

पहिली ४ मिनिटं: वही उघडणं, तारीख, विषय, अनुक्रमणिकेत नोंद. पुढची १६ उजव्या पानाची. मग १२ डाव्या पानाची, ५ शेजाऱ्याला दाखवून बोलण्याची आणि ३ आवरण्याची. हे आकडे सोयीने हलवता येतात, १२ सोडून. १२ मिनिटांच्या खाली मुलांचं काम सुरू होईपर्यंत घंटा होते.

उजवं पान १६ मिनिटांत संपवायचं तर तिथे सगळं उतरवून घेता येत नाही. एका पानावर मावेल एवढंच द्यावं: व्याख्या, एक सोडवलेलं उदाहरण किंवा आकृती, तीन-चार मुद्दे. मोठ्या वर्गांत कॉर्नेल विद्यापीठाच्या वॉल्टर पॉक यांची टिपणपद्धत याच पानावर बसवता येते. कडेला ६ सेंमीचा उभा रकाना सोडायचा आणि त्यात मुलांनी मजकुरावरचे प्रश्न लिहायचे.

डावं पान घरी करायला देण्याचा मोह होतो. अधूनमधून ठीक आहे. पण रोज दिलं तर अर्ध्या वह्या घरीच राहतात, आणि तपासणीच्या आदल्या रात्री १५ डावी पानं एका बैठकीत भरली जातात. तेव्हा उजव्या पानावरचा विषय मुलाच्या डोक्यातून केव्हाच उतरलेला असतो.

एक जोडी जवळून

पान २८-२९. विषय: छेद वेगळे असलेल्या अपूर्णांकांची बेरीज. उजव्या पानावर, म्हणजे २९ वर, एकच उदाहरण: १/२ + १/३. छेदांचा लसावि ६. १/२ = ३/६, १/३ = २/६. बेरीज ५/६. शेजारी लसावि का घेतला याचं एक वाक्य. संपलं.

डाव्या पानावर, २८ वर, फळ्यावरून एवढंच काम: ‘एकाने १/२ + १/३ = २/५ असं उत्तर काढलं. लसावि हा शब्द न वापरता, १२ सेंमीची पट्टी काढून त्याला चूक पटवून द्या.’

मूल १२ सेंमीची पट्टी काढतं. तिचा अर्धा भाग ६ सेंमी, तिसरा भाग ४ सेंमी. दोन्ही जोडून १० सेंमी. मग २/५ भाग मोजतं: १२ चे ५ भाग, प्रत्येक २.४ सेंमी, दोन मिळून ४.८ सेंमी. इथे बहुतेकांची पेन्सिल थांबते. ४.८ तर ६ पेक्षाही कमी! अर्ध्यात आणखी काहीतरी मिळवलं आणि अर्ध्यापेक्षा कमी झालं, हे कसं? हे वाक्य मुलाने आपल्या शब्दांत लिहिलं की डावं पान झालं. १० सेंमी म्हणजे १२ चे ५/६, हेही कुणीतरी ताडून बघतं आणि उजव्या पानाशी दुवा आपोआप जुळतो. शिक्षकांनी इथे आकडा मात्र नीट निवडलेला आहे. पट्टी १० सेंमीची घेतली असती तर तिसरा भाग ३.३३ आला असता आणि सगळा वेळ मोजपट्टीशी झटापटीत गेला असता.

याच धड्याचं दुसरं डावं पान असंही करता येतं: रंगीत कागदाचं चार पाकळ्यांचं फूल कापा, प्रत्येक पाकळीखाली बेरजेची एक पायरी लिहा. दिसतं छान. त्यात २० मिनिटं जातात आणि पाकळ्यांखाली असतं ते उजवं पानच, फक्त तुकडे करून. तपासणीला येणाऱ्यांना आवडतं, हे खरं.

घडीकाम वाईटच असतं असं नाही. झडपेखाली उत्तर लपत असेल आणि मूल त्या झडपेचा वापर स्वतःला प्रश्न विचारायला करत असेल, तर ती झडप कामाची. भाषेच्या वर्गात शब्द वर आणि अर्थ खाली, किंवा विज्ञानात कोरी आकृती वर आणि नावं खाली, असं केलं की वही पाठांतर तपासायचं साधन होते. कसोटी सोपी आहे: झडप चिकटवल्यावर ती पुन्हा उघडण्याचं काही कारण उरतं का? एक बारकावा. झडपेच्या कागदाची फक्त मागची बाजू चिकटवायची असते. हे न दाखवता काम दिलं तर पाचसहा मुलं झडपाच बंद करून टाकतात.

डाव्या पानावर काय द्यावं

पुठ्ठ्यावरच्या यादीत आठ-दहा प्रकार पुरेत. चुकीचं उत्तर दुरुस्त करणं. उजव्या पानावरून परीक्षेला येईल असा एक प्रश्न आणि त्याचं आदर्श उत्तर तयार करणं. मजकुराची आकृती किंवा आकृतीचा मजकूर करणं. दोन गोष्टींत साम्य-फरक. घटनेतल्या एका व्यक्तीच्या जागेवरून चार ओळींचं पत्र. ‘अमुक नसतं तर काय झालं असतं?’ प्रयोगाआधी अंदाज आणि नंतर अंदाज का चुकला. लहान भावंडाला समजेल असं पाच वाक्यांत सांगणं. आठवड्याला दोनदा प्रकार शिक्षकांनी ठरवावा, एकदा मुलांना निवडू द्यावा. पहिल्या महिन्यात निवड देऊच नये. मुलं चित्राचा पर्याय घेतात आणि चित्र शीर्षकाभोवती फिरत राहतं.

या यादीत फ्रेयर चौकट हवीच. विस्कॉन्सिन विद्यापीठात डोरोथी फ्रेयर आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये ती मांडली. पानाचे चार भाग करायचे, मध्ये संकल्पना, चार भागांत व्याख्या, वैशिष्ट्यं, उदाहरणं आणि ‘उदाहरण नसलेलं’. मुलं पहिले तीन भाग सहज भरतात. खरी परीक्षा चौथ्या भागात होते. ‘सस्तन प्राणी’ घेतला आणि चौथ्या भागात कुणी ‘दगड’ लिहिलं, तर ते चूक नाही, पण निरुपयोगी आहे. म्हणून अट घालावी: फसवू शकेल असंच उदाहरण लिहा. मग शार्क येतो, कारण तो दिसतो देवमाशासारखा, पण देवमासा सस्तन आणि शार्क मासा. वटवाघूळ चौथ्या भागात टाकणारी मुलंही निघतात, ‘ते उडतं’ म्हणून. प्लॅटिपस अंडी घालतो, तरी पिल्लांना दूध पाजतो आणि सस्तनच ठरतो. वर्गात वाद सुरू झाला की समजावं की चौकटीने काम केलं.

डाव्या पानाच्या तळाशी ५ ओळी कोऱ्या सोडण्याची सवय लावावी. दोन आठवड्यांनी मूल तिथे परत येतं आणि पान न वाचता, फक्त शीर्षक बघून, विषय दोन-तीन वाक्यांत लिहितं. या ओळी सुरुवातीला सगळ्यांना वाया गेल्यासारख्या वाटतात. वर्षअखेर वहीतला सर्वांत कामाचा भाग हाच असतो.

गैरहजर मुलं, हरवलेल्या वह्या आणि तपासणी

एक मूल दोन दिवस आलं नाही की त्याची पानं वर्गापासून सुटतात. उपाय एकच. शिक्षकांनी स्वतःची एक वही त्याच क्रमांकांनी चालवावी आणि ती वर्गात सगळ्यांना दिसेल अशी ठेवावी. परतलेलं मूल तितकी पानं कोरी सोडून वर्गाबरोबर चालू जोडीला लागतं आणि उजवी पानं शिक्षकांच्या वहीतून नंतर उतरवतं. शिक्षकांच्या वहीत डावी पानं मात्र कोरीच ठेवावीत. भरली की वर्गभर त्यांच्याच नकला होतात. वही हरवली तर ८० पानं पुन्हा लिहायला लावणं ही निव्वळ शिक्षा झाली. नवी वही चालू क्रमांकापासून सुरू करावी आणि मागच्यांपैकी पाचसहा कळीच्या जोड्याच करून घ्याव्यात. वह्या वर्गातच ठेवण्याची सोय असेल तर हा प्रश्नच फारसा येत नाही.

तपासणीत शिक्षक थकतात आणि वही बंद पडते. ४० वह्या, प्रत्येकी ३० जोड्या, सगळं वाचायचं ठरवलं तर १,२०० जोड्या होतात. ते कुणाच्याच्याने होत नाही, मग शिक्का मारणं सुरू होतं आणि शिक्क्यासाठी पानं भरणं सुरू होतं. त्यापेक्षा दोन थर ठेवावेत. रोज बाकांमधून फिरताना फक्त नजर, काम झालं की नाही एवढंच. आणि महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाची दोनच डावी पानं नीट वाचायची, एक मुलाने निवडलेलं, एक शिक्षकांनी. वहीमागे ५ मिनिटं धरली तर ४० वह्यांची २०० मिनिटं होतात. रोज ८ वह्या घेतल्या तर पाच दिवसांत, दिवसाला ४० मिनिटांत, काम संपतं. ४० वह्यांचा गठ्ठा एकदम गोळा करू नये, तेवढे दिवस मुलांकडे वहीच नसते.

गुण तीन गोष्टींना: मजकूर बरोबर आहे का, तो मुलाच्या स्वतःच्या शब्दांत किंवा आकृतीत आहे का, आणि उजव्या पानापलीकडे एखादं पाऊल पडलं आहे का. नीटनेटकेपणाला वेगळे गुण ठेवू नयेत. एकूण १० गुणांतले ३ जरी सजावटीला दिले तरी मुलं सगळा जीव तिथेच लावतात. रंगांचं तसंच. तीन रंग, प्रत्येकाला ठरलेला अर्थ, आणि वर्षभर तोच.

सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी हे सगळं आकाराने कमी करावं: आठवड्याला एक जोडी, उजव्या पानावर तीन वाक्यं, डाव्यावर चित्र आणि त्याखाली एक ओळ. कापायचं काही असेल तर फक्त सरळ रेषेत. संगणकावर हीच वही दोन रकान्यांच्या स्लाइडवर चालते, डिंकाचा प्रश्न मिटतो, पण उजवीकडचा मजकूर डावीकडे चिकटवायला एक क्षण पुरतो. तिथे डावा भाग हाताने लिहून किंवा काढून त्याचा फोटो टाकायला लावावा.

महिना झाला की १० वह्या उचलून त्यांचं एकच डावं पान शेजारी शेजारी उघडून पाहावं. दहाही पानं सारखी दिसली तर चूक मुलांची नसते. काम देताना साचा दिला गेला आहे. पुढच्या तासाला ‘तीन रकाने करा, वर शीर्षक लिहा’ असं काहीच न सांगता फळ्यावर फक्त प्रश्न लिहावा आणि कोरं पान द्यावं. पहिल्या दिवशी बरीच मुलं विचारतील, ‘रकाने किती करायचे?’